थोडक्यात सांगा, मॅडम

परवा एका वेबिनारमध्ये वक्ता इंग्रजीत बोलत होता आणि एक बाई मागोमाग मराठीत सांगत होत्या. मध्येच संयोजक त्यांना म्हणाला, "सगळं नको, सारांश द्या." माझं डोकंच फिरलं. मी लॅपटॉप बंद केला. हे वाक्य मी पूर्वी ऐकलंय आणि निमूटपणे पाळलंयही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी ठाण्यात वर्तकनगरला एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. माहेर दिवा स्टेशनच्या अलीकडे, खाडीकाठच्या कोळीवाड्यात. त्या वर्षी खाडीत मासे मरून वर यायला लागले. जाळी ओढणाऱ्यांच्या हातापायांवर पुरळ उठलं. आरडाओरड झाली तेव्हा जवळच्या एका रसायनांच्या कारखान्याने गावच्या शाळेत सभा बोलावली. बोलायला आलेल्या साहेबाला मराठी येत नव्हतं. गाव म्हणालं, आपली पोर आहे की! म्हणून मी माइकपाशी.

साहेब पाच-सात मिनिटं बोलला. सांडपाण्याचा पाइप फुटलाय, दुरुस्तीला दोन-तीन महिने लागतील, तोवर या बाजूच्या शिंपल्या नि खेकडे-चिंबोऱ्या खाऊ नका, पोरांना तर अजिबात देऊ नका. मी तोंड उघडणार, एवढ्यात कारखान्याचा मॅनेजर माझ्या कानाशी आला. चांगला आपल्यातलाच, मराठी माणूस. "मॅडम, थोडक्यात सांगा. ह्यांना काय कळणार? उगाच घाबरतील. दुरुस्ती चालू आहे, काळजी नको, एवढंच म्हणा."

आणि मी एवढंच म्हणाले. त्याच्या कडक इस्त्रीला बिचकले म्हणा, नाहीतर आपण त्याच्या बाजूला उभ्या आहोत याचं बरं वाटलं म्हणा.

मागून माझी आई उठली. उभा जन्म बाजारात मासळी विकण्यात गेलेला, इंग्रजीचा गंध नाही. "बाय, तो येवरा बोलला, न तू येवरंच सांगतंस?"

लोक हसले. माझी कानशिलं तापली.

"थांबा," मी म्हणाले. "मी अर्धंच सांगितलं." मग सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मॅनेजरने माइक ओढून घेतला, तर मी तशीच ओरडून सांगत राहिले. शिंपल्यांचं ऐकताच दोन बायका पोरांना काय वाढलंय ते बघायला घरी धावल्या. साहेब गोंधळून मला काय झालं ते विचारत होता. मॅनेजरने काय गाळायला लावलं ते मी त्यालाही सांगितलं, त्याच्याच भाषेत, मॅनेजरच्या तोंडावर.

पाइप दुरुस्त व्हायला पावसाळा उलटला. तोवर गावात कुणी शिंपल्या शिजवल्या नाहीत. मॅनेजरने माझ्या वर्तकनगरच्या शाळेत तक्रार केली आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून चारचौघांत ओरडणं शिक्षिकेला शोभत नाही, असं ऐकवलं. त्यांच्यावरचा राग कधीच गेला. मॅनेजरवरचा गेला नाही. 'ह्यांना काय कळणार' म्हटलं तेव्हा त्या 'ह्यांना'मध्ये माझी आई बसली होती, आणि मी मान डोलावली होती. तो स्वतःवरचा राग तर अजून तसाच आहे.