टिप्परच्या वाटेवर विमान

सातवीत शाळा सुटली आणि मी पोकलेन चालवायला शिकलो. जत तालुक्यातला मी, गाळ काढायच्या कामावर पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला, अड्याळजवळच्या एका आटत आलेल्या तलावात येऊन पडलो. दिवसभर टिप्पर भरायचे, आणि मनात उगाच धाकधूक: मशीन रुतेल का, घरी आई बरी असेल का. शेतात टाकायला गाळ नेणारा एक म्हातारा रोज माझ्यासाठीही डबा आणायचा. मी फोनकडे बघताना दिसलो की विचारायचा, "काहून गा बाबू, घर आठवून राहिलं काय?"

त्या दुपारी वरून जाणाऱ्या शिकाऊ विमानाचा आवाज मध्येच बंद पडला. दोन माणसं मावतील एवढंसं विमान, ते खाली यायला लागलं.

"पाह्य, तुले न्यायलेच आलं इमान!" म्हातारा हसला. मग त्याचंही हसू गेलं.

रस्त्यावर बाजाराची गर्दी होती. धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, जिथे तिथे मातीचे उंच धुरे. सपाट काय ते आमचं तळं. टिप्परच्या चाकांनी घट्ट झालेल्या वाटेवर विमान टेकलं आणि धूळ उडवत सरळ आलं. त्याच वाटेच्या टोकाला मी केबिनमध्ये. पाय हलेनात.

"उतर ना बे! उतर!" म्हातारा ओरडत होता.

माझ्यापर्यंत पोचायच्या आत विमान वळलं, वाट सोडून ओल्या गाळात घुसलं. चाक मोडलं, एक पंख मुडपला. आतून विशीतला पोरगा बाहेर आला, एकटाच. पहिलं विचारलं ते हे, "उस मशीन में कोई था क्या?"

मी नुसता हात वर केला.

संध्याकाळी त्याला शिकवणारे साहेब आले. विमानाभोवती फिरले.

"इतकी चांगली जागा निवडलीस, नीट टेकलास. मग वाट का सोडलीस?"

मला वाटलं, या पोराचंही शिकणं इथेच सुटतंय. साहेबलोकांसमोर माझी जीभ वळत नाही, तरी बोललो, "साहेब, टोकाला मी होतो. मला उतरता आलं नाही."

साहेब चाकाची खूण जिथे वळली होती तिथवर चालत गेले. तिथून पोकलेनपर्यंत पावलं मोजली.

"एवढ्यात थांबलं नसतं," परत येऊन ते म्हणाले. "बरोबर केलंस. पुढच्या आठवड्यात पुन्हा उडायचंय तुला."

तेव्हा कुठे पोरगा खाली बसला आणि रडला. म्हाताऱ्याने डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. "जेव बाबू. आता इमान काई पळून नाई जात."

भात आणि लाखोळीची डाळ. मीही त्याच डब्यात हात घातला. तेवढ्यात आईचा फोन आला, काय चाललंय म्हणून.

"जेवतोय," मी म्हणालो.