मऊ केलेले प्रश्न

साहेबाने हातातली टोपी अचानक बाबांच्या उजव्या बाजूला फेकली. बाबा दचकले. डावा हात वर गेला, उजवा लोंबतच राहिला. टोपी अंगणात पडली. कुंपणापाशी जमलेली माणसं हसली. साहेब मला इंग्रजीत म्हणाला, "याने सोंगाची तालीम चांगली केली आहे."

मी बाबांना सांगितलं, साहेब गंमत करतात. बाबाही ओशाळं हसले. मग मीच वाकून टोपी उचलली, धूळ झटकून साहेबाला दिली.

साहेब विमा कंपनीचा होता. गोरा नव्हता. रेवसच्या धक्क्यावरून आमच्या किहीमला बैलगाडीने आला, तेव्हा उतरताना गाडीवानाला त्याने अस्सल मराठीत झापलं होतं. आमच्या अंगणात पाय ठेवला आणि त्याची मराठी संपली. तो इंग्रजीत विचारणार, मी मराठीत सांगणार, उत्तर पुन्हा इंग्रजीत. गावात इंग्रजी येणारी मी एकटी. मुंबईच्या मिशनच्या शाळेत शिकले म्हणून बायका मला मडमीन म्हणत. मी कुणाशी फारसं बोलत नसे.

बाबा गोदीत हमाल होते. कापसाची गाठ दोरातून सुटून त्यांच्या खांद्यावर आली. तेव्हापासून उजवा हात उचलत नव्हता. घर त्याच हातावर चालत होतं. कामावर जखमी झालेल्याला भरपाई द्यायचा कायदा झाला होता, म्हणून दावा लावला; पैसे विमा कंपनीने द्यायचे होते. तेवढाच आधार उरला होता.

साहेबाला सगळ्याचाच संशय. खबर द्यायला इतके दिवस का लावले? कारण मुकादम म्हणाला होता, गावी जाऊन बरा हो, बोभाटा केलास तर काम जाईल. इस्पितळ सोडून हाडवैद्याकडे का गेला? कारण इस्पितळात हात कापतात, असं सगळी गोदी मानते. दोन्ही साक्षीदार याच गावचे कसे? कारण गोदीतल्या टोळ्या गावागावाच्याच असतात. आमचं साधं जगणं त्याच्या वहीत लबाडीचा पुरावा होत होतं.

आणि मी? मी प्रश्न मऊ करत होते. तो म्हणाला, "हा आळशी आहे की खोटारडा, विचार त्याला." मी बाबांना म्हटलं, "साहेब विचारतात, फार दुखतं का." मोठ्यांचा मान राखावा, असं मनाला समजावत होते. खरं तर घाबरले होते.

बाबांचे डोळे भरून आले. "येवढ्या लांबून इचारपूस कराला आला. मानूस देव हाय," ते आईला म्हणाले. पाहुण्याला कोरड्या तोंडाने कसं पाठवायचं? मी अडवायच्या आत ते खाली बसले. शहाळं दोन्ही पावलांत धरलं, डाव्या हाताने कोयता घेतला, तीन घाव घातले. "घ्या साहेब. गोड हाय."

साहेब प्याला. तोंड पुसलं. लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: दावेदार कोयता सफाईने चालवतो. कोणत्या हाताने, ते लिहिलं नव्हतं. खाली दुभाषी म्हणून माझी सही हवी होती.

"तू यांच्यासारखी नाहीस," तो म्हणाला. "शहाणी आहेस. कर सही."

त्याने पुढे केलेला टाक मी खाली ठेवला.

"बाबा, ह्यो इचारपूस कराला न्हाय आला. ह्यो म्हणतो तुमी ढोंग करता. टोपी फेकली ती तुमचा हात उचलतो का बघाला. मी तुमाला खोटं सांगितलं."

कुणी हसलं नाही.

"कंदीपासून?" बाबांनी विचारलं.

"पहिल्या प्रश्नापासून."

साहेबाला मराठी आठवली. "सही केली नाहीस, तर दावा बुडाला समज."

मी केली नाही.

दावा आता मुंबईत भरपाईच्या कमिशनरपुढे आहे. बाबा माझ्याशी अजून धड बोलत नाहीत. साक्षीच्या वेळी कंपनीचा वकील मला विचारणार, तू चुकीचं का सांगितलंस? मी सांगणार, भ्याले म्हणून. साहेबाचा एकेक प्रश्न त्याने विचारला तसाच सांगणार. माझं खोटंही सांगणार.

जिंकू की हरू, ठाऊक नाही. पण यापुढे गोदीतून कुणी मोडून गावी आला, तर त्याच्या अंगणात साहेबाच्या आधी मी जाऊन बसणार. आणि त्याला पहिलं हे सांगणार, की येतोय तो पाहुणा नाही.