भवानीआधीचं रक्त

"भवानी व्हायची हाय अजून! रगत घिऊन समोर काय उभा राह्यला, मेंढक्या? मागं जा!"

मालकानं माझ्या हाताकडं पाहिलंसुद्धा नाही. आधी कापडाकडं पाहिलं. डाग पडला का म्हणून.

तीर्थपुरीत त्याचं कापडाचं दुकान. मी तिथं कापडाच्या गाठी फोडायचो. गाठीवर आवळलेली लोखंडी पट्टी तोडताना ती उसळली आणि उजवा तळवा आरपार चिरला. दिवसाची पहिली विक्री होण्याआधी रक्त दिसणं अपशकुन. म्हणून मी रिकाम्या पोत्यांमागं, धोतराचा सोगा हातात दाबून बसलो. एक गिऱ्हाईक भाव करून गेलं. दुसरं नुसतंच बघून गेलं. मी आतून हात जोडत होतो, बाबा, घे रे एखादं धोतर. स्वतःच्या हातापेक्षा मला मालकाच्या भवानीची काळजी! त्याची लाज अजून जात नाही. दुपारी एक लुगडं विकलं गेलं, तेव्हा मला वैद्याकडं जाऊ दिलं. दोन बोटं कायमची ताठली.

चौथ्या दिवशी मालकानं बोलावलं. चार वर्षांत पाणी न विचारणाऱ्या माणसानं पितळी पेल्यात दूध दिलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. दुधामागून कागद आला. उर्दूतला; तेव्हा कचेरीत तीच भाषा चालायची.

"दवापाण्याचा खर्चा मी करतो, असं लिव्हलंय. लाव अंगठा, जल्दी."

मला अक्षर येत नव्हतं. पण मेंढरं मोजण्यात लहानपण गेलेलं. ओळी मोजल्या.

"मालक, अकरा वळी हायत. तुमी तर एकच गोष्ट सांगितली."

"तुला अक्कल शिकवायला ठिवलंय का?" त्यानं माझं डावं मनगट धरलं.

मी हिसडा दिला. दूध सांडलं. कागद उचलला आणि बाहेर पडलो, तो थेट अंबडच्या कचेरीची वाट धरली.

कचेरीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्यानं कागद वाचला. त्यात होतं: मी दारू पिऊन घरी पडलो, हात तिथंच कापला, दुकानाचा काही संबंध नाही.

खर्चाचं अक्षरही नव्हतं.

मी त्याला खरं लिहायला सांगितलं. पट्टी, पोती, दुपार, सगळं. त्याच्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्याचाही भरवसा का धरावा? मग दुसऱ्या एका वाटसरूकडूनही वाचून घेतलं. आणि अंगठा लावला.

अर्जाचं काय व्हायचं ते होवो. नोकरी गेलीच आहे. पण आता बाजारात ज्याचा हात चिरेल, पाय मोडेल, त्याच्या दारात मालकाच्या कागदाआधी मी जाऊन बसणार, वाचून घेतल्याबिगर अंगठा लावू नको म्हणून सांगायला. हाकललं तरी उठणार नाही.