तीन दिवसांची मॅडम

"पहिले स्वतः नीट बोलायला शिका. मग पोरगी बोलेल."

मॅडम हे हसत म्हणाल्या. समोर माझी ताई, मांडीवर तिची पाच वर्षांची अन्वी. गोंदियातलं एसी सेंटर, बाहेर 'स्पीच थेरपी'ची पाटी. अन्वी अजून एकही शब्द बोलत नव्हती. ताईने एवढंच विचारलं होतं, "लेकरू काऊन बोलत नाही जी?"

मॅडमनी आमचं आडनाव विचारलं. मग म्हणाल्या, "आप लोगों के घर में यही भाषा चलती है ना? घरात शुद्ध बोला. नाहीतर बोलूच नका."

"हो जी," ताई म्हणाली.

ताईला शुद्ध येत नाही. म्हणून तिने बोलणंच थांबवलं. गोरेगावजवळच्या आमच्या घरात तीन महिने अन्वीला नुसत्या खुणा. आंघोळ, जेवण, झोप, सगळं मुक्यानं. आई विसरून नातीशी बोलली की ताई तिच्या तोंडावर हात धरायची.

मी पाहत होते. इंग्रजी शाळेत मीही हेच शिकले होते. आपली बोली दाराबाहेर काढून आत जायचं.

त्याहून वाईट सांगते. आम्ही दर शनिवारी सेंटरला जायचो. पहिल्याच शनिवारी मी मॅडमच्या मागची फ्रेम वाचली होती. तीन दिवसांच्या कार्यशाळेला हजर राहिल्याचं प्रमाणपत्र. पदवी नाही. नोंदणी नाही. मला इंग्रजी येतं म्हणून तर ताईने सोबत नेलं होतं. मी वाचलं आणि गप्प बसले. डिग्री घरी ठेवली असेल, असं मनाला सांगितलं.

मग एका शनिवारी अन्वी दाराकडे पाठ करून खेळत होती. मागे कुणाच्या तरी हातून स्टीलचा डबा पडला. आम्ही सगळ्या दचकलो. अन्वीने मानसुद्धा वळवली नाही.

मी उभी राहिले.

"मॅडम, हिचे कान तपासले का? तुमचा नोंदणी क्रमांक काय?"

"अब तुम मुझे सिखाओगी?"

"क्रमांक सांगा."

त्यांनी दार दाखवलं.

बाहेर मी ताईला फ्रेमचं सांगितलं. "तुले मालूम होतं? मंग काऊन नाही सांगतलं?"

लेकराचे तीन महिने माझ्या भिडेपायी गेले.

ताई आता घरात बोलते, तिच्याच बोलीत. अन्वीला किती ऐकू येतं, ठाऊक नाही. कान तपासायला नागपूरला नेणार आहोत. तिथेही पहिला प्रश्न मीच विचारणार. कुणी हसो, कुणी हाकलो. पदवी आणि नोंदणी डोळ्यांनी वाचल्याशिवाय अन्वीला मी कुणाहीसमोर बसवणार नाही.