भट्टीवाल्यांची आनंदी

आनंदीवहिनी पाणीसुद्धा हुंगून प्यायच्या. सत्तरच्या दशकात आम्ही बहारीनला, सलमानियात राहायला गेलो, तेव्हा त्या आमच्या शेजारी. मी हौसेनं कोकम सरबत दिलं, तर बाईंनी पेला आधी नाकाशी धरला. मला रागच आला. त्यांचा नवरा गॅरेजात मेकॅनिक. तो हसत म्हणाला, "ताई, मनावर घेऊ नका. भट्टीवाल्यांची पोर आहे ती."

भट्टी सावंतवाडीकडची. आजोबांनी काजूच्या बोंडांची दारू मडक्यात गाळायला घेतली, वडिलांनी तांब्याचं भांडं आणलं. परवान्यापुरती पुढच्या दारानं, उरलेली मागच्या. म्हातारपणी आजोबांचं नाक गेलं आणि त्यांचं काम लहानग्या आनंदीकडे आलं. गाळताना चांगल्या दारूची धार कुठे संपते ते ती वासावरून ओळखायची. तिनं मान हलवली की खालचं भांडं बदलायचं. त्या भट्टीच्या पैशावरच तिचे भाऊ शिकले, साहेब झाले, आणि मुंबईत भट्टीचं नावही काढेनासे झाले. वहिनी मात्र कुणालाही सांगायच्या, "आम्ही दारयेवर वाढलेली माणसा." आणि लगेच गप्प व्हायच्या.

त्या गप्प होण्यामागे कुंदा होती, हे मला फार उशिरा कळलं बघा. कुंदा त्यांची शाळेतली मैत्रीण. तिचे वडील पांडू मेस्त्री, सुतार, भट्टीवरचं रोजचं गिऱ्हाईक. एका संध्याकाळी तिथून घरी जाताना ओढ्यात पडले आणि गेले. कुंदाची शाळा सुटली. पुढे वहिनींनी नवऱ्याच्या मागे लागून तिला व्हिसा काढून दिला. तिथल्याच अदलिया भागातल्या एका बंगल्यात ती मुलं सांभाळायची आणि शुक्रवारी वहिनींकडे जेवायला यायची.

वाढताना वहिनी तिच्याकडे बघत नसत. एका शुक्रवारी, मी होते तिथे, भात वाढता वाढता म्हणाल्या, "कुंदा, तुझो बापूस पिय ती दारू मीच हुंगून पास करी होतंय."

"माका ठाऊक आसा."

"मगे हय येतस कित्याक?"

"हय माझ्या बापाशीक बघलेला दुसरा कोण आसा? तो कसो होतो, ता सांग."

मग दर शुक्रवारी तेच. मेस्त्री रंधा मारताना गाणं कसं म्हणत, शाळेची खिडकी बसवली तेव्हा पोरांना भोवरे कसे करून दिले. वहिनी रंगवून सांगत, कुंदा हसे. गोष्ट भट्टीच्या वाटेला लागली की वहिनी "खलास" म्हणून ताटं उचलत. मला एकदा म्हणाल्या, "ती हसते ना, तेव्हाच जास्त लागतं."

ऐंशीच्या दशकात वहिनी कायमच्या गावी निघाल्या. विमानतळावर कुंदानं सरळ विचारलं, "त्या दिवशी काय झाला?"

मी बाजूला व्हायला लागले, तर वहिनींनी माझा हात घट्ट धरला. "तेका उठाक येय नाय होता. तरी माझ्या बापाशीन आणखी एक गलास भरल्यान. मी थयच होतंय. कायच बोलाक नाय."

कुंदानं वहिनींची पिशवी आपल्या खांद्याला लावली.

"यल्ला, चल," म्हणाली, "विमान रवाचा नाय."