शुक्रवारचा शेवटचा तास

भिवंडीतल्या आमच्या शाळेच्या भिंतीला लागूनच लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना होता. माझ्या शेजारच्या वर्गावरच्या बाई घसा बसू नये म्हणून गालात लवंग धरून त्या खडखडाटाच्या वर आवाज चढवून शिकवायच्या. चहा मागतानाही त्यांचा आवाज चढलेलाच असायचा. मग स्वतःच हसायच्या, "लूमची सवय हो, सर."

शुक्रवारी लूम बंद असत. त्या दिवशी शेवटच्या तासाला बाई हळू आवाजात गोष्ट सांगायच्या. आमच्या वर्गांमध्ये नुसता फळ्यांचा आडोसा, त्यामुळे मीही मुलांना गणितं घालून ऐकत बसायचो.

गेलं वर्षभर मात्र बाई वह्या न तपासताच परत देत होत्या, मुलांवर खेकसत होत्या. "हा आवाज जीव खातोय," म्हणायच्या. मलाही ते पटायचं.

एका शुक्रवारी पलीकडून काहीच ऐकू येईना, म्हणून डोकावलो. मुलं हाताची घडी घालून वाट बघत होती आणि बाई खुर्चीत नुसत्या बसून होत्या.

"सर, मला वाटायचं लूममुळे होतंय," त्या म्हणाल्या. "आज तर लूम बंद आहेत. तरी बोलवत नाही."

"रजा टाका, बाई. वर्ग मी सांभाळतो," म्हणत मी आठवेल ती गोष्ट सुरू केली.

पहिल्या बाकावरची मुलगी दचकली. "सर, वरडता कशाला? लूम बंद हायेत ना."

बाईंनी लवंगांची डबी माझ्याकडे सरकवली.