हुडकेश्वरचा जुना थांबा

माझ्यासारखा शेफारलेला माणूस त्या वर्षी नागपूरच्या मिहानमधल्या आयटी कंपन्यांत दुसरा नसेल. हिंगण्याच्या एका कारखान्यासाठी आम्ही बसचं ॲप बनवत होतो. कामगारानं कोणत्या थांब्यावर, किती वाजता उभं राहायचं, एवढंच ते मोबाइलवर सांगणार. बसचे मार्ग पुष्कळ, आणि प्रत्येकासाठी वेगळं जावास्क्रिप्ट फंक्शन हातानं लिहायचा मला कंटाळा. मग मी एक साचा लिहिला. ॲप चालू असतानाच त्यात मार्गाचे थांबे भरले जायचे, नि त्या मार्गापुरतं फंक्शन तयार होऊन निघायचं. सोऱ्या एकच, चकती बदलली की कधी शेव, कधी चकली. एकदा बनलेलं फंक्शन मी जपून ठेवायचो, म्हणजे पुन्हा बनवायला वेळ नको. काम भन्नाट वेगानं चालायचं. आठवडाभर मी ऑफिसात कॉलर ताठ करून फिरलो.

चाचणीचं काम एक ताई बघायच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरीत आलेल्या, अजून कायम व्हायच्या होत्या. आमच्यात एक रीत होती: आपल्या माणसाची चूक आधी चहाच्या टपरीवर सांगायची, लेखी नोंद नंतर. तशा त्या टपरीवर म्हणाल्या, "थांबा बदलला, तर आधीच बनून बसलेल्या फंक्शनले कोण सांगन गा? ते जुनंच बोलत राहीन ना."

बरोबर होतं. मला लगेच कळलं, नि म्हणूनच राग आला. "ताई, ते माझ्यावर सोडा. लेखी टाकू नका, उगाच बोभाटा. मी पाहून घेतो." त्यांनी विश्वास ठेवला. मी पाहिलं नाही. वेळ नव्हता असंही नाही, निव्वळ माज.

पंधरा दिवसांनी हुडकेश्वरला रस्ता खोदला नि थांबा पुढच्या चौकात गेला. नवा थांबा ॲपमध्ये भरला, ड्रायव्हरलाही कळवला. माझं फंक्शन मात्र जुनाच थांबा सांगत बसलं. सकाळच्या पाळीच्या बाया तिथं ताटकळल्या, बस पुढच्या चौकातून निघून गेली. साऱ्यांचा खाडा पडला.

मीटिंगमध्ये आमच्या मॅनेजर सरांनी ताईंना विचारलं, "हे तपासलं नव्हतं? नोंद कुठाय?" ताईंनी माझ्याकडं पाहिलं. अरे, एक वाक्य बोलायचं होतं! मी लॅपटॉपमध्ये डोकं खुपसलं. "नोंद नाही सर," ताई म्हणाल्या. टपरीवरचं बोलणं त्यांनी काढलंच नाही. त्या कायम झाल्या नाहीत. मी तीन ओळी बदलल्या, तर झटपट दुरुस्ती केली म्हणून माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या आठवल्या की आजही कानशिलं तापतात.

शेवटच्या दिवशी ताई माझ्या टेबलापाशी आल्या. "नव्या कंपनीवाले तुले फोन करतीन. मी इथून काहून गेली, ते विचारतीन. तेवढं खरं सांगशीन का गा?"

"सांगतो ताई. आईशप्पथ."

महिन्याभरात फोन आला. मी ताईंची तोंडभरून तारीफ केली. मेहनती, बारकाईनं पाहणाऱ्या, सगळं सांगितलं. मग फोनवरच्या बाईंनी विचारलं, "मग तुमच्याकडं त्या कायम का झाल्या नाहीत?"

मी जिन्यात एकटाच होतो. ऐकायला कुणी नव्हतं.

"घरगुती अडचण होती," मी म्हणालो.

"अच्छा," बाई म्हणाल्या, "म्हणजे आमची नोकरीही मध्येच सोडतील." आणि मीटिंग आहे म्हणून मी फोन ठेवला.